पुढच्या सीटचे कव्हर : काढणे, घालणे आणि वाचणे

मोटारीच्या पुढच्या सीटचे दोन भाग असतात. बसायचे ते कुशन, टेकायची ती पाठ. कुशनच्या तळाशी लोखंडी सांगाडा, त्यावर फोमची गादी आणि फोमवर ताणून बसवलेले कापड, अशी त्याची रचना असते. हे कापड म्हणजेच मूळ कव्हर. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात मात्र ते 'कंपनीचं' असते, आणि कंपनीची वस्तू वापरायची नसते, जपायची असते. म्हणून त्यावर रेक्झिनचे कव्हर चढते. रेक्झिन उन्हात तापते म्हणून त्यावर टॉवेल येतो. टॉवेल सरकतो म्हणून तो दाबून धरायला लाकडी मण्यांचे आसन येते. मणी टोचतात म्हणून त्यावर घरातली एक जुनी उशी येते. मग गाडीचे मालक छताला डोके घासत, मान तिरपी करून, 'या गाडीत उंचीच कमी दिलीय' अशी तक्रार करत कामाला जातात.

सीट माणसाला सांभाळण्यासाठी बनवलेली असते. उपनगरात माणूस सीटला सांभाळतो. कव्हर बदलण्याची सुरक्षित पद्धत म्हणजे या झटापटीत दोघांपैकी कोणालाही इजा होऊ न देण्याची पद्धत.

कव्हर फाटते ते ठरलेल्या जागी, ड्रायव्हरच्या दाराकडच्या कडेला. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये दोन खांबांच्या मधे तीन गाड्या बसवलेल्या असतात. दार वीतभर उघडते. त्या फटीतून मालक आधी एक पाय, मग पोट, मग उरलेले, असे हप्त्याहप्त्याने बाहेर येतात आणि प्रत्येक हप्त्याला ती कड घासली जाते. दुसरे कारण पाऊस. काच दोन बोटे उघडी राहिली की फोम रात्रभर पाणी पितो आणि पुढे गणपतीपर्यंत त्याचा वास देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. तेव्हापासून जुनी गाडी बघायला आलेला जाणता माणूस इंजिन नंतर ऐकतो, आधी सीटला नाक लावतो.

खरे कारण बहुतेक वेळा याहून वेगळे असते. लिफ्टमध्ये शेजारी विचारतात, "काय हो, अजून तेच कव्हर?" एवढे पुरते. त्या क्षणापर्यंत धड असलेले कव्हर घरी पोहोचेपर्यंत फाटलेले असते.

एकट्या कुशनचे कव्हर बाजारात सहसा मिळत नाही. ज्या वाटेने १९२८ ते १९३४ या काळात सेंट्रल साल्सेट ट्रामवेची छोटी रेल्वे ट्रॉम्बेहून अंधेरीला जात होती, तिच्यावरचा कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड हा आज मोटारींच्या सुट्या भागांचा आणि सजावटीचा मोठा बाजार आहे. वाहतुकीच्या वेगात तेव्हापासून फारशी वाढ झालेली नाही. तिथला संवाद असा होतो.

"फक्त ड्रायव्हरच्या सीटचं, खालचं कव्हर द्या."

"सेटमध्ये येतं, साहेब."

"पण फाटलंय एकच."

"मग बाकीची जुनी दिसणार ना? लग्नाला जाताना एकाच पायात नवी चप्पल घालता का?"

या प्रश्नाला आजवर कोणाही गिऱ्हाइकाला उत्तर सुचलेले नाही. पाचही जागांचा सेट घेतला जातो. सेट तपकिरी, म्हणून काळे मॅट विजोड दिसतात. तेही घेतले जातात. मॅट घेतले म्हणून स्टिअरिंगचे कव्हर 'कमी करून' मिळते आणि मानेच्या दोन उश्या फुकट मिळतात, ज्यांची किंमत आधीच सेटमध्ये धरलेली असते. चार बोटे रेक्झिन फाटल्याचा हा एकूण खर्च घरी सांगताना निम्मा सांगण्याची प्रथा आहे.

निवड करताना गिऱ्हाईक सर्वांत आधी शिवण ओढून पाहते, आणि नेमकी इथेच सुरक्षिततेची गाठ पडते.

"डबल शिलाई आहे. हत्तीने ओढली तरी सुटणार नाही."

"आणि या बाजूला एकेरी का?"

"ती फाटायलाच ठेवलीय, साहेब."

"म्हणजे फाटणारं कव्हर विकताय आणि वर सांगताय?"

दुकानदार इथे शंभर टक्के खरे बोलत असतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवायची सवय नसल्याने तो पकडला गेला असे वाटते. ज्या गाड्यांना बाजूच्या एअरबॅग असतात त्यांतल्या पुष्कळांची ती पिशवी पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कुशीत घडी घालून ठेवलेली असते. तिथे 'एअरबॅग' असे लिहिलेली बोटभर चिंधी शिवलेली दिसते. बाजूने धडक बसली की ती पिशवी डोळा लवायच्या आत कापडाची शिवण फाडून बाहेर येते. म्हणून कंपनीच्या कापडाची तिथली शिवण मुद्दाम कच्ची असते, आणि वरून घालायच्या कव्हराचीही ती बाजू उघडी किंवा फाटणाऱ्या दोऱ्याची असावी लागते. तिथे पक्की शिवण घातली तर पिशवी उशिरा निघते किंवा भलतीकडे फुगते, आणि कव्हर शाबूत राहते. जन्मभर टिकाऊ, पक्के आणि डबल मागत आलेल्या माणसाला वेळेवर फाटणारी वस्तू रोख पैसे देऊन घ्यायला लावणे हे या साऱ्या कामातले सर्वांत अवघड पाऊल होय.

ते पार पडले तरी धोका टळत नाही, कारण कव्हर घरी येते. घरी आजी असतात. त्या चश्मा लावून शिवण तपासतात, 'हल्ली कुणाला काम म्हणून नको' असे म्हणतात आणि दुपारच्या वेळात दाभण व जाड दोरा घेऊन ती कच्ची बाजू दोन वेळा पक्की करून ठेवतात. हे प्रेमापोटी झालेले असल्याने उसवायची कोणाची छाती होत नाही. उसवणे मात्र भाग आहे. ते त्या झोपल्यावर करावे.

एअरबॅगांची गणती इथे थोडक्यात पाहावी. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरसाठी एअरबॅग, पुढच्या दोघांना बेल्टची आठवण देणारी घंटी, मागे घेतानाचे सेन्सर आणि ताशी ८० किलोमीटरच्या वर वाजणारा इशारा सक्तीचा झाला. हा शेवटचा इशारा एलबीएस मार्गावर कोणी ऐकल्याची नोंद नाही. शेजारच्या सीटसाठीची एअरबॅग २०२१ मध्ये सक्तीची झाली. या दोन पिशव्या स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये असतात, कव्हराशी त्यांचा संबंध नाही. फक्त डॅशबोर्डमधली पिशवी ज्या झाकणातून बाहेर येते, नेमक्या त्याच झाकणावर मालकांनी गणपती चिकटवलेला असतो आणि संकटकाळी तोच आधी प्रवाशाच्या भेटीला येण्याचा संभव असतो. मूर्ती तिथून हलवावी. सहा एअरबॅगांची सक्ती सरकारने २०२२ मध्ये सुचवली, मग वर्षभर पुढे ढकलली, मग सोडून दिली. तरी आता पुष्कळ साध्या गाड्यांतही त्या सहा असतात, त्यामुळे 'आपली काही एवढी भारी गाडी नाही' हे कारण चालत नाही.

काम कोणाकडून करून घ्यावे? रिक्षा बांद्रा आणि सायनच्या उत्तरेलाच चालतात, त्यामुळे रिक्षाची हूड आणि सीट शिवणारे हुशार कारागीर उपनगरांत गल्लोगल्ली सापडतात. त्यांचा हात सफाईदार असतो, दर वाजवी असतो. रिक्षाला एअरबॅग नसते, एवढीच अडचण. त्यांना दाखवून, सांगून, समोर उभे राहून काम करून घेतले तर ते उत्तम करतात. पण समोर उभे राहायला मालकांना वेळ नसतो, म्हणून ते रविवारी स्वतःच करायला घेतात, ज्याला कारागिराच्या दहापट वेळ लागतो.

पार्किंगमध्ये पाना वाजला की सोसायटीतले एक ज्येष्ठ काका पाच मिनिटांत खाली येतात. त्यांच्याकडे एकेकाळी फियाट होती.

"आमच्या गाडीला पुढे अख्खा बाक होता. चौघं बसायचो."

"आणि बेल्ट, काका?"

"बेल्ट पँटीला असायचा."

काका खोटे सांगत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटच्या, पुढे प्रीमियर पद्मिनी झालेल्या गाडीला पुढे सलग बाक असे आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असे. त्या बाकाची कव्हरे हा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा अभिमानाचा विषय होता. २०१५ मध्ये संकेत अवलानी यांनी 'टॅक्सी फॅब्रिक' हा उपक्रम सुरू करून तरुण चित्रकारांकडून टॅक्सीच्या सीटसाठी आणि छतासाठी नक्षीची कापडे करून घेतली. त्यांतली एक टॅक्सी पुढच्या वर्षी कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या व्हिडिओत जाऊन बसली. ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या बाकात वायर नव्हती, सेन्सर नव्हता, पिशवी नव्हती. जुने कव्हर टराटरा ओढावे आणि नवे ठोकून बसवावे, हा काकांचा सल्ला त्या गाडीसाठी अचूक होता. आजच्या गाडीसाठी तो अजिबात ऐकू नये. न ऐकणे मात्र कठीण असते, कारण काका खुर्ची घेऊन आलेले असतात.

आता प्रत्यक्ष कृती. पहिले काम सीटपाशी नसून बॉनेटखाली आहे. गाडी बंद करून, किल्ली खिशात घालून, बॅटरीचे मायनसचे टोक आधी सोडवावे. प्लसपासून सुरुवात केली आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते आणि काका 'मी म्हटलं नव्हतं?' असे म्हणतात. टोक सोडवल्यावर थांबावे. निदान तीन मिनिटे, आणि गाडीच्या पुस्तकात जास्त सांगितली असतील तर तेवढी. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुगावी म्हणून तिच्या यंत्रणेत थोडी वीज साठवलेली असते. ती उतरायला हा वेळ लागतो. साकीनाक्याच्या सिग्नलला अर्धा तास निमूट बसणारा माणूस स्वतःच्या पार्किंगमध्ये तीन मिनिटे थांबू शकत नाही. पहिल्या मिनिटात तो मोबाइल पाहतो, दुसऱ्यात 'झाली असतील' म्हणतो. म्हणून या वेळात चहा मागवावा. घरून चहा यायला कधीच तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागत नाही.

गाडीचे पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. त्याचे प्लास्टिक फोडलेले नसते. फोडावे.

कव्हर वरून चढवायचे असेल तर सीट सोडवायची गरज नाही. हे वाचूनही पुष्कळ जण ती सोडवतात, कारण पाना हातात असतो. कंपनीचे मूळ कापडच बदलायचे असेल तर मात्र सीट बाहेर घ्यावी लागते. ती साधारणपणे चार बोल्टांवर असते आणि तिच्याखाली वायरींचे जोड असतात. त्यांतला पिवळा जोड एअरबॅगचा. मोटारीच्या धंद्यात हा रंग त्याच कामासाठी राखून ठेवल्यासारखा आहे.

"मामा, ही पिवळी वायर कसली?"

"बघ ओढून."

हा संवाद बॅटरी काढल्यानंतर झाला तर विनोदी ठरतो. जोडाला खटका असतो. तो दाबून जोड सोडवावा, वायर ओढू नये. आणि सीट बाहेर असेपर्यंत 'गाणी लावू या' म्हणून कोणीही बॅटरी जोडून किल्ली फिरवू नये. नाही तर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो आणि तो विझवायला गॅरेजमधले यंत्र आणि गॅरेजवाल्याचे व्याख्यान, दोन्ही घ्यावे लागते.

बाहेर काढलेली सीट भिंतीला टेकवून ठेवताच तिच्यावर कोणीतरी बसते. पेपर वाचायला याहून चांगली जागा सोसायटीत नसते, पाठीची दांडी ओढून मागे रेलताही येते. बसलेल्या आजोबांना उठवण्याचा कोणताही सुरक्षित मार्ग अद्याप ज्ञात नाही. दरम्यान सेक्रेटरी वरून फोन करून सांगतात की सामाईक जागेत फर्निचर ठेवायला मनाई आहे.

यानंतर उत्खनन. थर वरून खाली एकेक करून काढावेत. उशी आणि मण्यांचे आसन निघते, त्याबरोबर मणीही निघतात व उताराने गटाराकडे जातात. टॉवेलाच्या थरात शेंगदाण्याची साले, चकलीचा चुरा आणि एक राखी सापडते. रेक्झिन आणि पाठ यांच्या खाचेत मुलुंडच्या टोलनाक्याच्या पावत्या असतात. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, त्यामुळे हा थर त्याआधीचा ठरतो. त्याखाली चार आण्याचे नाणे निघाले तर थर २०११ च्या आधीचा, कारण त्या वर्षी जून अखेर ती नाणी चलनातून गेली. ज्या पेनवरून घरात दोन दिवस अबोला होता ते पेनही इथेच असते. ते लगेच खिशात घालावे आणि सापडल्याचे सांगू नये. सीटखाली मोकळा हात घालू नये. सांगाड्याच्या कडा आणि रिंगांची टोके बोटे कापतात. हातमोजे वापरावेत. घरात हातमोजे भांडी घासायचे असतात, ते चालतात. परत जागेवर ठेवताना ग्रीस दिसते.

सर्वांत खाली प्लास्टिक, आणि त्याखाली कंपनीचे कापड. ते कोरे असते. त्याच्यावर आजवर कोणी बसलेलेच नसते. फिकट राखाडी रंग, मऊ पोत, हवा खेळणारे विणकाम, एअरबॅगची चिंधी आणि कच्ची शिवण जशीच्या तशी. मुंबईच्या घामट हवेत बसायला याच्यासारखी दुसरी वस्तू नाही आणि नवे काहीही न घालता काम इथेच संपवणे हा सर्वांत सुरक्षित, सर्वांत स्वस्त उपाय आहे. घरचे सगळे खाली येऊन ते पाहतात.

"अय्या, किती छान राहिलंय!"

"बघा ना, अगदी नवं."

"मग लवकर घाला बाई काहीतरी वरून. खराब होईल."

म्हणून नवे कव्हर घालण्याची कृती द्यावी लागते. रेक्झिन थंड असताना ताठ असते. अर्धा तास उन्हात ठेवले की नरम पडते. पुढून मागे ओढत न्यावे, शिवण कुशनच्या कडेवर आणावी, सुरकुत्या हाताने बाहेर काढाव्यात. एक सुरकुती नेहमी उरते. ती डावीकडे सारली की उजवीकडे येते, आणि शेवटी मालकांच्या बसण्याने ती आपोआप जाईल असे ठरते. मूळ कापड बदलत असल्यास त्याच्या पोटातल्या तारा फोममधल्या तारांना लोखंडी रिंगांनी बांधलेल्या असतात. जुन्या रिंगा कापाव्यात आणि नव्या रिंगा त्यांच्या पकडीने, किंवा ती नसेल तर मजबूत प्लास्टिकच्या टायने बांधाव्यात. शेजारच्या सीटच्या फोमवर माणूस बसल्याचे ओळखणारी पातळ पट्टी चिकटवलेली असू शकते, तिच्या आसपास दाभण चालवू नये. कव्हराचे इलॅस्टिक आणि हूक सांगाड्यालाच अडकवावेत. रुळात किंवा वायरीत अडकवले तर सीट पुढेमागे करताना कव्हर सीटबरोबर न येता मागे राहते, किंवा वायर कव्हराबरोबर येते. गुळगुळीत आणि सैल कव्हर मुळीच घालू नये. जोराचा ब्रेक लागला की त्यावरून माणूस पुढे घसरून बेल्टच्या खालून निघू पाहतो.

बेल्टचे कुलूप कव्हराच्या वर आले पाहिजे. हे सांगायची गरज आहे, कारण कव्हर घातल्यावर ते सरसकट गाडले जाते, मागच्या सीटवर तर तिन्ही. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच बेल्ट सक्तीचा आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. त्यामुळे पुढे हवालदार दिसला की मागच्या सीटवर तीन माणसे एकमेकांच्या खाली हात घालून काहीतरी शोधू लागतात, आणि बाहेरून ते दृश्य बेल्टपेक्षा वाईट गुन्ह्याचे दिसते.

सीट परत बसवताना बोल्ट कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळावेत, अंदाजाने नव्हे. धडकेत सीट जागेवर धरून ठेवायचे काम त्यांचेच असते. जोड खटका वाजेपर्यंत दाबावेत. बॅटरी शेवटी जोडावी, प्लस आधी, मायनस नंतर. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. विझला नाही तर गाडी गॅरेजला न्यावी, आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी लावू नये. घड्याळ मागे गेलेले असते. ते लावायचे राहते ते राहतेच, आणि घरातली सगळी माणसे मनात चार तास अकरा मिनिटे मिळवून वेळ वाचायला शिकतात.

चाचणीची फेरी भाजी आणण्यासाठी काढली जाते. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवताच घंटी वाजू लागते. हे बिघाडाचे लक्षण नाही, पट्टी शाबूत असल्याचे आहे: पाच किलो बटाटे आणि एक फ्लॉवर यांना तिने माणूस मानलेले असते. पिशवीला बेल्ट लावावा किंवा ती खाली ठेवावी. ही घंटी गप्प करणाऱ्या बनावट क्लिपा बाजारात मिळत; मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या कारवाईनंतर ऑनलाइन दुकानांवरून त्यांच्या १३,११८ जाहिराती उतरवण्यात आल्या. बेल्ट लावायला लागणाऱ्या दोन सेकंदांच्या विरोधात उभा राहिलेला हा उद्योग पाहता माणूस नुसता आळशी आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी तो कष्ट घ्यायलाही तयार असतो.

राहिले जुने कव्हर. ते टाकत नाहीत. पाठीच्या तुकड्यातून स्कूटरच्या सीटला ठिगळ होते, कुशनचा तुकडा तुळशीच्या कुंडीखाली जातो, आणि उरलेले माळ्यावर आधीच्या गाडीच्या कव्हराशेजारी ठेवले जाते. भंगारवाला रेक्झिन घेत नाही. लोखंडी रिंगा घेतो, पण किलोभर आणा म्हणतो.